जुनी मोटार, विमा आणि न्याय्य भरपाई

घसारा म्हणजे काय, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. यंत्र वापरले, जुने झाले, की त्याची किंमत दरवर्षी थोडी थोडी पुस्तकातून कमी करीत जायचे आणि शेवटी ती भंगाराच्या किमतीवर आणून ठेवायची. परीक्षेत या नियमाला अपवाद नसतो. व्यवहारात मात्र काही वस्तू अशा असतात, की त्यांची किंमत काही काळ उतरते, मग थांबते आणि पुढे उलट चढू लागते. जुनी, जपलेली मोटार ही त्यांपैकी एक. अशा मोटारीला अपघात झाला म्हणजे खरा प्रश्न उभा राहतो. पुस्तकातील घसारा खरा मानायचा, की बाजारातील किंमत? आणि विमा कंपनीने दिलेली रक्कम न्याय्य आहे की नाही, हे सामान्य माणसाने कसे ओळखायचे?

हा प्रश्न मला वर्गात पडला नाही. तो आमच्या मामांच्या अंगणात पडला, तोही झाडाच्या रूपाने. म्हणून आधी ती हकीकत थोडक्यात सांगतो आणि मग तिच्या आधाराने विषयाकडे वळतो.

मामांची फियाट

माझ्या आजोबांनी १९६९ साली फियाट ११०० ही मोटार घेतली. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स कारखान्यात बनणारी, 'डिलाइट' नावाने ओळखली जाणारी ही गाडी. हीच पुढे 'पद्मिनी' झाली आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून घराघरांत माहीत झाली. त्या काळी मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. आजोबांच्या पश्चात ती बरीच वर्षे पडून होती. पाच वर्षांपूर्वी मामांनी ती पुन्हा उभी केली. इंजिन उघडून बांधले, कुजलेला पत्रा बदलला, मूळचा रंग दिला. एकंदर खर्च दोन लाखांच्या पुढे गेला. पत्र्याचे काम करणारे मेस्त्री कन्नड भाषिक. ते हसून म्हणत, "हळे गाडी, होस बेले." म्हणजे गाडी जुनी, पण किंमत नवी.

मेस्त्रींना जे कळले ते विम्याच्या कागदावर मात्र उतरले नव्हते. तेथे गाडीची किंमत लिहिली होती ६०,००० रुपये. मामांनीच ती तशी लिहू दिली होती. प्रीमियम कमी बसतो, गाडी महिन्यातून दोनदा बाहेर निघते, तिला काय होणार आहे, असा त्यांचा विचार.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री वाऱ्याने शेजारचे झाड उन्मळून गाडीवर पडले. टप चेपला, पुढची काच फुटली, बॉनेट आणि एक दार वाकले. दुरुस्तीचा अंदाज निघाला ९२,००० रुपये. विमा कंपनीचे सर्व्हेयर येऊन पाहून गेले आणि काही दिवसांनी कंपनीकडून प्रस्ताव आला. ही गाडी पंचावन्न वर्षांची आहे. तिची बाजारभावाने किंमत ३५,००० रुपये. त्यातून मोडकी गाडी तुमच्याकडेच ठेवणार म्हणून तिचे १५,००० आणि सक्तीची वजावट १,००० वजा. बाकी १९,००० रुपये घ्या आणि येथे सही करा.

मामा सही करायला निघाले होते. "जुन्या गाडीला कोण जास्त देणार?" असे ते म्हणाले. मी त्यांच्याकडून पॉलिसीचा कागद मागून घेतला. तो सगळा इंग्रजीत, आणि माझे शिक्षण मराठी माध्यमातले. शब्दकोश जवळ घेऊन दोन रात्री तो वाचला. त्या दोन रात्रींत जे कळले तेच पुढे मांडतो.

भरपाई म्हणजे नफा नव्हे

विम्याचा पाया क्षतिपूर्तीच्या तत्त्वावर आहे. हानीपूर्वी विमेदार ज्या स्थितीत होता त्या स्थितीत त्याला पैशाने परत आणायचे. त्याहून जास्त नाही आणि त्याहून कमीही नाही. इंग्लंडमधील १८८३ च्या 'कॅस्टेलेन विरुद्ध प्रेस्टन' या खटल्यात हे तत्त्व स्पष्ट मांडले गेले आणि आपल्याकडील पाठ्यपुस्तकांतही त्याचा दाखला असतो. एका मालकाने घर विकण्याचा करार केला. करार पुरा होण्यापूर्वी घराला आग लागली. त्याने विम्याचे पैसे घेतले आणि पुढे खरेदीदाराकडून घराची पूर्ण किंमतही घेतली. न्यायालयाने विम्याचे पैसे परत करायला लावले, कारण एका नुकसानीबद्दल दोनदा भरपाई मिळू शकत नाही.

या तत्त्वाचा पहिला अर्धा भाग, म्हणजे 'जास्त नाही', विमा कंपन्यांना नीट पाठ असतो. दुसरा अर्धा भाग, म्हणजे 'कमीही नाही', याची आठवण विमेदारानेच करून द्यावी लागते.

पण 'पूर्वीच्या स्थितीची' किंमत कोण ठरवणार? येथे दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत हानी झाल्यावर वस्तूची त्या दिवशीची किंमत मोजतात. दुसऱ्या पद्धतीत विमा उतरवतानाच दोन्ही पक्ष एक किंमत मान्य करतात आणि नंतर तिच्यावर वाद घालीत नाहीत. आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यात अशा ठरीव किमतीच्या पॉलिसीची तरतूद आहे, कारण भर समुद्रात बुडालेल्या मालाची किंमत नंतर मोजणार कशी? मोटारीच्या विम्याने या दोन पद्धतींच्या मधली वाट धरली आहे आणि आमच्या प्रकरणाची किल्ली नेमकी तेथेच सापडली.

आय.डी.व्ही. या तीन अक्षरांचा अर्थ

मोटार पॉलिसीवर 'आय.डी.व्ही.' असा एक रकाना असतो. त्याचा अर्थ विमेदाराने जाहीर केलेली किंमत. २००२ च्या अखिल भारतीय मोटार दरपत्रकाने ही पद्धत घालून दिली. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे विमादर २००७ पासून खुले झाले, तरी पॉलिसीची भाषा बहुतांशी त्याच पठडीतली राहिली.

नव्या गाडीच्या बाबतीत उत्पादकाच्या विक्रीकिमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा करून ही किंमत काढतात. सहा महिन्यांपर्यंत शेकडा ५, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५०. पाच वर्षांनंतर काय? येथे तक्ता संपतो. पाच वर्षांवरील गाड्या आणि ज्यांचे उत्पादन बंद झाले आहे अशी मॉडेले यांची किंमत विमा कंपनी व विमेदार यांच्या आपसांतील समजुतीने ठरवावी, असे दरपत्रक सांगते.

म्हणजे जुन्या मोटारीला ठरावीक घसाऱ्याचा तक्ता लागूच होत नाही. तिची किंमत बोलून ठरवायची असते. आपण बोललो नाही तर एजंट मागच्या वर्षीचा आकडा थोडा कमी करून पुढे लिहितो, आणि अशी पाच-सात वर्षे गेली की दोन लाखांची गाडी कागदावर साठ हजारांची होऊन बसते.

याच कलमात पुढे एक वाक्य आहे. गाडीची पूर्ण हानी झाल्यास ही जाहीर किंमत हीच पॉलिसीच्या संपूर्ण मुदतीत बाजारभाव मानली जाईल, तीतून आणखी घसारा कापला जाणार नाही. हे वाक्य वाचल्यावर मी मामांना उठवले. कंपनीने ज्या किमतीवर प्रीमियम घेतला ती किंमत साठ हजार. भरपाईच्या वेळी तीच कंपनी पस्तीस हजार कशी म्हणू शकते?

सर्वोच्च न्यायालयानेही 'धर्मेंद्र गोयल विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स' या २००८ च्या निकालात हाच विचार मांडला आहे. विमा उतरवताना कंपनीने वाहनाची एक किंमत मान्य केली, तिच्यावर प्रीमियम घेतला, तर नुकसानीनंतर सबबी काढून ती किंमत नाकारता येणार नाही.

पंचाहत्तर टक्क्यांची रेघ

आता प्रश्न असा, की गाडी दुरुस्त होण्याजोगी असताना कंपनीने ती 'पूर्ण हानी' का धरली? नियम असा आहे. पॉलिसीच्या अटींप्रमाणे कापायचे ते कापून दुरुस्तीचा खर्च जाहीर किमतीच्या शेकडा ७५ हून जास्त झाला, तर ती व्यवहारदृष्ट्या पूर्ण हानी समजतात. तिला 'कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस' म्हणतात. साठ हजारांचे पंचाहत्तर टक्के म्हणजे ४५,०००. आमचा खर्च त्याच्या कितीतरी पुढे गेला होता.

कमी किंमत लिहिण्यातला खरा धोका येथे आहे आणि तो पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कमी किमतीमुळे पूर्ण हानीच्या वेळी पैसे कमी मिळतात, एवढे सर्वांना कळते. पण त्यामुळे ही रेघही खाली येते. चांगली गाडी साध्या टपाच्या दुरुस्तीने कागदोपत्री मोडीत निघते.

समजा, पॉलिसीवर दोन लाख किंमत असती. मग रेघ दीड लाखावर गेली असती आणि आमचे प्रकरण अंशतः हानीचे झाले असते. अंशतः हानीत प्रत्येक वस्तूवर वेगळा घसारा लागतो. दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवर शेकडा ५०, रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांवर ५०, फायबरच्या भागांवर ३०, काचेवर काहीच नाही. मजुरीवरही घसारा नाही. रंगकामात फक्त रंगसामानाच्या किमतीवर ५० टक्के कापतात. बिल एकत्र असेल तर एकूण रंगखर्चाचा चौथा हिस्सा सामानाचा धरतात. या हिशेबाने आमचे ९२,००० रुपयांचे बिल असे बसले असते:

पत्रा व डेंटिंगची मजुरी ४८,००० : मिळणार ४८,०००
धातूचे सुटे भाग २०,००० : मिळणार १०,०००
काचा १०,००० : मिळणार १०,०००
रबर व प्लॅस्टिक ४,००० : मिळणार २,०००
रंगकाम १०,००० : मिळणार ८,७५०

एकूण ७८,७५०. पंधराशे सी.सी.पर्यंतच्या मोटारीला सक्तीची वजावट १,००० रुपये. बाकी ७७,७५०.

या हिशेबातून एक व्यावहारिक धडा निघतो. जुन्या मोटारीच्या दुरुस्तीत सुट्या भागांपेक्षा हातकाम जास्त असते, कारण भाग बाजारात मिळतच नाहीत. मेस्त्री चेपलेला पत्रा ठोकून सरळ करतो किंवा नवा पत्रा कापून तसाच भाग घडवतो. हातकामावर घसारा नाही. परंतु मेस्त्रीने 'टप दुरुस्ती, एकूण अमुक' असे एकरकमी बिल लिहून दिले, तर त्यात सामान किती व मजुरी किती हे दिसत नाही आणि सगळ्याच रकमेवर ५० टक्के कापले जाण्याची भीती असते. म्हणून अंदाजपत्रक करून घेतानाच सामान, मजुरी आणि रंग असे तीन रकाने वेगळे मागावेत. रंगकामाच्या पूर्ण रकमेवर ५० टक्के कापले असल्यास तेही तपासावे. वरच्या उदाहरणात तेवढ्याच एका चुकीने ८,७५० ऐवजी ५,००० रुपये हाती आले असते.

सर्व्हेयर आणि त्याचा अहवाल

सर्व्हेयरला फी विमा कंपनी देते, पण परवाना विमा नियामक प्राधिकरणाचा असतो आणि त्याने दोन्ही पक्षांकडे तटस्थपणे पाहावे अशी अपेक्षा असते. प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेयर नेमावा, १५ दिवसांत त्याचा अहवाल यावा आणि अहवाल मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यावा. अहवालाची प्रत विमेदाराने लेखी मागावी. प्रत हाती आल्याशिवाय कोणता आकडा कोठून आला हे कळत नाही, आणि न कळलेल्या आकड्याशी भांडता येत नाही.

सर्व्हेयरचा अहवाल ही ब्रह्मवाक्य नव्हे. 'न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध प्रदीपकुमार' या २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की असा अहवाल दावा निकालात काढण्यास आधार होऊ शकतो, पण तो अंतिम नाही आणि दोन्ही पक्षांपैकी कोणावरही बंधनकारक नाही. मात्र अहवाल खोडून काढायला 'मला पटत नाही' एवढे म्हणून भागत नाही. पुरावा लागतो.

पुरावा कोणता? जुन्या मोटारीच्या मालकाने एक फाईल करावी. तिच्यात पुढील कागद असावेत.

१. गाडीचे चारही बाजूंचे, आतले व इंजिनचे फोटो, तारखेसह, दरवर्षी एकदा.
२. दुरुस्तीची आणि सुट्या भागांची सर्व बिले. मेस्त्रींकडे छापील पावती नसेल तर साध्या कागदावर का होईना, सही-तारखेसह.
३. विमा कंपनीला मान्य असलेल्या मूल्यमापकाचा किमतीचा दाखला.
४. त्याच मॉडेलच्या, त्याच अवस्थेतील दोन-तीन गाड्यांच्या विक्रीचे दाखले.
५. नोंदणी पुस्तक. पंधरा वर्षांनंतर खाजगी मोटारीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतन करावी लागते. ती मुदत संपलेली असू नये.

आणखी एक गोष्ट. विम्याचा करार परम विश्वासाचा असतो. जुन्या गाड्यांत कधी कधी दुसरेच इंजिन किंवा गॅसचा संच बसवलेला असतो. तो नोंदणी पुस्तकात आणि पॉलिसीत नोंदवलेला नसेल, तर ऐनवेळी कंपनीच्या हाती आपणच शस्त्र देतो. फाईल करायची ती खरी करायची.

पत्र आणि त्याचा परिणाम

आम्ही सही केली नाही. मामांच्या नावाने कंपनीला एक पत्र लिहिले. रागाचा एकही शब्द त्यात नव्हता. मजकूर साधारण असा होता. आपण पॉलिसीवर गाडीची किंमत ६०,००० रुपये मान्य करून तिच्यावर प्रीमियम घेतला आहे. पॉलिसीच्या अमुक कलमाप्रमाणे पूर्ण हानीत हीच किंमत बाजारभाव समजायची आहे. तरी ३५,००० हा आकडा कोणत्या कलमाने धरला, हे लेखी कळवावे. मोडक्या गाडीची १५,००० ही किंमत आम्हांस मान्य आहे. गाडी नोंदणीसह आमच्याकडे राहील. सर्व्हेयरच्या अहवालाची प्रत मिळावी.

यातील 'नोंदणीसह' हा शब्द जुन्या गाडीच्या मालकाने विसरू नये. मोडकी गाडी मालकाकडे ठेवून तडजोड होते तेव्हा नोंदणी रद्द करून की न करता, हे आधीच स्पष्ट करून घ्यावे. नोंदणी गेली, की आजोबांची गाडी नुसता पत्रा उरते.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. ६०,००० मधून १,००० आणि १५,००० वजा जाता ४४,००० रुपये मंजूर. एकोणीसचे चव्वेचाळीस झाले. युक्तिवाद करावाच लागला नाही. पॉलिसीतलेच एक वाक्य पॉलिसी लिहिणाऱ्यांना दाखवावे लागले, इतकेच.

दाद कोठे मागावी

उत्तर आले नसते तर? प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. महिन्याभरात उत्तर न आल्यास, किंवा आलेले न पटल्यास, एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. कर्नाटकासाठी हे कार्यालय बेंगळुरूला आहे. तेथे फी नाही, वकील नाही. २०२३ पासून पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी लोकपाल ऐकू शकतो. त्याचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तक्रारदारावर नसतो. न पटल्यास तक्रारदार पुढे जाऊ शकतो. दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची.

सही करून पैसे घेतले म्हणजे सगळे संपले का? बहुतेक वेळा संपते, म्हणून घाईने सही करू नये. तरीही 'युनायटेड इंडिया विरुद्ध अजमेरसिंग कॉटन मिल्स' या १९९९ च्या निकालाप्रमाणे, सही फसवणुकीने, दडपणाने किंवा दिशाभूल करून घेतली असे सिद्ध झाल्यास उरलेली रक्कम मागता येते.

नुकसान दुसऱ्या वाहनाच्या चुकीने झाले असेल तर आणखी एक दार उघडे असते. ते म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. तेथे मागणी चूक करणाऱ्याकडून व त्याच्या विमा कंपनीकडून असते. ती आपल्या पॉलिसीवरील आय.डी.व्ही.ने बांधलेली नसते. प्रत्यक्ष नुकसान किती झाले, हे तेथे पाहिले जाते. पण अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. आमच्या बाबतीत दोष वाऱ्याचा होता. त्याच्यावर दावा कोणी लावावा!

'व्हिंटेज' शब्दाचे दोन अर्थ

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेले, मूळ स्वरूपात जपलेले दुचाकी वा चारचाकी वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. त्यासाठी नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे, आणि रोजच्या वापरास मनाई. मामांची फियाट या अर्थाने व्हिंटेज ठरू शकते.

विम्याच्या दरपत्रकातील व्हिंटेज मात्र वेगळी. तेथे ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली व 'व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया'ने प्रमाणित केलेली मोटारच व्हिंटेज समजली जाते. अशा मोटारीला प्रीमियममध्ये सवलत आणि मुख्य म्हणजे ठरीव किमतीची पॉलिसी देण्याची मुभा ठेवलेली आहे. इतर मोटारींना ती दारे दरपत्रकाने बंद ठेवली. म्हणून परिवहन कार्यालयाचा दाखला विमा कंपनीपुढे ठेवून भागणार नाही. १९४० नंतरच्या फियाट, ॲम्बॅसिडर, हेरल्ड यांच्या मालकांच्या हाती आय.डी.व्ही. बोलून ठरवणे हाच मार्ग उरतो. म्हणून तो नीट वापरला पाहिजे.

हिशेबाची दुसरी बाजू

एवढे सगळे लिहिल्यावर मामांना दोष देऊन लेख संपवणे सोपे आहे. पण जमाखर्च दोन्ही बाजूंनी मांडायचा असतो. जुन्या दरपत्रकात दहा वर्षांवरील मोटारीला शेकडा सुमारे साडेतीन रुपये दर होता. तोच धरला तर साठ हजारांऐवजी दोन लाख किंमत लिहिल्यास वर्षाला सुमारे ४,९०० रुपये जास्त पडले असते. पाच वर्षांचे २४,५००. एवढे मामांनी वाचवले. आता गमावले काय? ७७,७५० आणि ४४,००० यांतील फरक ३३,७५०. म्हणजे निव्वळ तोटा ९,२५० रुपये. झाड आणखी दोन वर्षांनी पडले असते तर मामा थोडे फायद्यातच राहिले असते! मात्र झाडाऐवजी आग लागली असती आणि गाडी पूर्ण गेली असती, तर १,४०,००० रुपयांचा फरक भरून यायला अठ्ठावीसहून अधिक वर्षे लागली असती.

तेव्हा कमी किमतीचा विमा हा दरवेळी मूर्खपणाच असतो असे नाही. काही जोखीम कंपनीवर टाकावी आणि काही स्वतःच्या खांद्यावर घ्यावी, हाही व्यवहार आहे. चूक एवढीच, की मामांनी हा हिशेब कधी मांडलाच नव्हता. त्यांनी जोखीम घेतली, पण आपण ती घेतली आहे हे त्यांना झाड पडेपर्यंत ठाऊक नव्हते.

म्हणूनच मला वाटते, न्याय्य भरपाईचे दोन भाग आहेत. कंपनीने लिहिल्याप्रमाणे द्यावे, हा एक. तो न मिळाल्यास भांडावे, आणि भांडण्याची साधने कायद्याने आपल्याला दिलेली आहेत. दुसरा भाग आपण काय लिहिले, हा. तो अपघातानंतर कोणतेही न्यायालय दुरुस्त करून देत नाही. १९,००० चे ४४,००० पत्राने झाले. ४४,००० चे ७७,७५० करायला पाच वर्षांपूर्वीचा एक दिवस परत आणावा लागला असता.

मामांनी वरचे ४८,००० स्वतः घातले. मेस्त्रींनी तीन महिने खपून टप पूर्ववत केला. पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी मूल्यमापकाचा दाखला, बिलांची फाईल आणि फोटो घेऊन मामा स्वतः विमा कचेरीत गेले. तासभर बोलणे झाले आणि किंमत दीड लाख ठरली. दोन लाख का नाही, असे मी विचारले. तेव्हा मामा म्हणाले, "वरचे पन्नास हजार माझ्या जोखमीवर. हिशेब करूनच सांगतोय."

आपल्या घरातही कुठल्या तरी कपाटात मोटारीची, दुकानाची किंवा घराची विमा पॉलिसी पडलेली असेल. ती इंग्रजीत आहे म्हणून बाजूला ठेवू नका. या सुट्टीत एकदा ती बाहेर काढा आणि तिच्यावर किमतीचा आकडा कोणता आहे आणि तो कोणी लिहिला, एवढे तरी पाहून घ्या.